फेअरचा विरुद्धार्थी शब्द सांगा

माझ्या भाच्याचं पहिल्या नोकरीतलं पहिलं वर्ष संपलं, तेव्हा तो पेढे घेऊन घरी आला. कंपनीत वर्षभराच्या कामाचं मूल्यमापन झालं होतं आणि साहेबांनी त्याच्या नावापुढे 'फेअर' असा शेरा दिला होता. ताईनं देवापुढे पेढा ठेवला, मग माझ्या हातावर. मी कागद पाहायला मागितला. वर बारीक अक्षरांत श्रेणी छापल्या होत्या : एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर. पाचातली चौथी पायरी. पोरगा जेमतेम काठावर तगला होता. तोंडात पेढा असल्यामुळे मी लगेच काही बोललो नाही.

चूक त्याची एकट्याची नव्हती. आपल्या कानांवर हा शब्द लहानपणापासून गोडच पडत आलाय. फेअर वही म्हणजे चांगल्या अक्षरातली वही, खेळात फेअर म्हणजे प्रामाणिक, लग्नाच्या जाहिरातीत फेअर म्हणजे गोरी. मग साहेबांचा 'फेअर' वाईट कसा असेल? पण याच शब्दानं इंग्रजीत चार-पाच वेगवेगळी घरं केली आहेत, आणि आपण दार न बघताच आत शिरतो.

भाषांतराच्या धंद्यात मी या शब्दाला बऱ्याचदा ठेचकाळलो. शेवटी मला शाळेतल्या एका प्रश्नानं हात दिला. 'विरुद्धार्थी शब्द लिहा' हा तो दोन गुणांचा प्रश्न. वाक्यात 'फेअर' दिसला की अर्थ शोधायला धावायचं नाही. इथे याच्या उलट काय असेल, एवढंच विचारायचं. उत्तर 'पुअर' आलं, तर फेअर म्हणजे बेताचं. 'डार्क' आलं, तर उजळ. 'रफ' आलं, तर पक्कं. 'फाउल' आलं, तर हवा उघडी किंवा खेळ नियमातला. आणि 'अनफेअर' आलं, तर रास्त. शब्द एक, पण प्रत्येक ठिकाणी त्याचा प्रतिस्पर्धी वेगळा, आणि त्या प्रतिस्पर्ध्यावरूनच त्याची ओळख पटते.

आधी भाच्याचंच घर पाहू. फेअरचा सगळ्यात जुना अर्थ सुंदर, डोळ्यांना सुखावणारं, असा होता. तिथून झिजत झिजत तो 'चालण्यासारखं' इथवर उतरला. यात इंग्रजांना हसण्याचं कारण नाही, आपल्या 'बरा'चंही तेच झालंय. गोव्यात अजूनही कोणी 'देव बरें करूं' म्हणतं, तेव्हा त्या 'बरें'मध्ये पूर्ण चांगुलपणा असतो. घाटावर मात्र 'मुलगा कसा आहे?' या प्रश्नाला 'बरा आहे' असं उत्तर आलं की विचारणारा समजून चुकतो. श्रेणींच्या यादीतला फेअर हा असा घाटावरचा 'बरा' आहे. शाळेचं प्रगतिपुस्तक असो, दुरुस्तीला टाकलेल्या यंत्राचा अहवाल असो की जुन्या पुस्तकांच्या दुकानातली 'कंडिशन : फेअर' अशी चिठ्ठी असो. पुस्तकवाल्याच्या फेअरचा अर्थ असा की मजकुराची पानं सगळी आहेत, पण बांधणी सैल झालीये.

दवाखान्यात मात्र हाच फेअर दिलासा देतो. केस पेपरवर डॉक्टर 'जी. सी. फेअर' असं लिहितात, म्हणजे रुग्णाची एकंदर प्रकृती ठीक आहे. ते वाचून घाबरायचं कारण नाही आणि पेढे वाटायचंही नाही. अमेरिकेत कोणी नातेवाईक दवाखान्यात असेल आणि तिकडून फोनवर 'कंडिशन फेअर' असं कळलं, तर तिथली उतरंड डोक्यात ठेवावी : गुड, फेअर, सीरियस, क्रिटिकल. फेअर म्हणजे नाडी, रक्तदाब वगैरे स्थिर, माणूस शुद्धीवर, पण थोडाफार त्रास असू शकतो. विमानाचं तिकीट काढायची घाई नको.

श्रेणी सोडून फेअर एखाद्या संख्येला किंवा शक्यतेला चिकटला की तो वरही चढतो. 'अ फेअर नंबर ऑफ पीपल' म्हणजे बऱ्यापैकी माणसं, 'फेअर चान्स' म्हणजे होण्याची बरीच शक्यता. इथे 'बरा'चंच पोट थोडं फुगलेलं असतं. 'बरीच' आणि 'बरी' यांतला फरक आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही, इथेही तोच कान वापरायचा.

आता वहीकडे. आमच्या वेळी रफ वही आठवड्यात फाटायची आणि फेअर वहीला खाकी पुठ्ठा असायचा. हा फेअर म्हणजे डागविरहित, खाडाखोड नसलेला. किराणा दुकानदार कच्ची पावती आणि पक्की पावती म्हणतो, कचेरीत आधी खर्डा होतो आणि मग पक्की प्रत. इंग्रजीत ती 'फेअर कॉपी'. तुम्हाला कोणी मसुद्यावर 'प्लीज मेक अ फेअर कॉपी' असं लिहून पाठवलं, तर त्याला मजकुरात सुधारणा नकोय, केलेल्या दुरुस्त्या घेऊन स्वच्छ प्रत हवीये. माझ्या एका सहकाऱ्यानं असा मसुदा 'निःपक्षपाती' करून परत पाठवला होता. दोन्ही पक्षांचं म्हणणं समसमान मांडून. आठवडा फुकट गेला.

हाच डागविरहित अर्थ हवेलाही लागतो. 'फेअर वेदर' म्हणजे उघडं आकाश, पाऊस-वादळ नसलेला काळ. आपल्या किनाऱ्यावर नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन होड्या पाण्यात उतरवतात, तिथून पुढचे उघाडीचे महिने म्हणजे दर्यावर्दी इंग्रजीतला 'फेअर सीझन'. त्याच्या उलट 'फाउल'. रस्त्यांच्या कागदपत्रांत 'फेअर वेदर रोड' असं दिसलं, तर गावानं खूश होऊ नये. तो रस्ता पावसाळ्यात बंद. बारमाही रस्त्याला 'ऑल वेदर' म्हणतात. आणि 'फेअर वेदर फ्रेंड' म्हणजे ऊन पडलं की येणारा आणि आभाळ भरलं की पसार होणारा मित्र. त्याच्यासाठी आपल्याकडे म्हण आहेच, असतील शिते तर जमतील भुते. भाषांतर करताना 'चांगल्या हवामानातला मित्र' असं लिहिण्यापेक्षा ती म्हण वापरलेली बरी. (हा 'बरा' घाटावरचा नाही.)

रंगाच्या घरात पाऊल जपून टाकावं लागतं. भारतात फेअर म्हटलं की गोरा हा अर्थ सगळ्यात आधी उठतो, आणि त्याला जाहिरातींचा मोठा हातभार आहे. फेअर अँड लव्हली हे क्रीम भारतात १९७५ मध्ये बाजारात आलं आणि पंचेचाळीस वर्षं त्या नावानं घराघरांत राहिलं. २०२० मध्ये कंपनीनं त्यातला 'फेअर' काढला आणि 'ग्लो' घातला. लग्नाच्या जाहिरातींत तर 'फेअर' आणि 'व्हीटिश' अशी वर्णव्यवस्थाच आहे. 'व्हीटिश' हे आपल्या गव्हाळचं भारतीय इंग्रजी रूप, ते लंडनच्या माणसाला कळत नाही. माझं मत विचाराल, तर जाहिरातीतून दोन्ही शब्द गेले तर कोणाचंही लग्न अडणार नाही.

इंग्लंडमध्ये मात्र एखाद्या माणसाला 'फेअर' म्हटलं, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आधी केस येतात, सोनेरी, पिवळसर केस. 'डार्क' म्हणजे काळ्या केसांचा. 'टॉल, डार्क अँड हँडसम' ऐकून आपल्याकडे अनेकांना आश्चर्य वाटतं की गोऱ्यांना सावळा पुरुष देखणा कसा वाटतो. तिथे 'डार्क' हा मुख्यतः केसांचा, डोळ्यांचा काळेपणा आहे. परदेशी शिकायला गेलेल्या मुलांनी हे ध्यानात ठेवावं. घरमालकिणीनं 'दुपारी एक फेअर मुलगा तुला शोधत आला होता' असं सांगितलं, तर तो आपला कोकणस्थ मित्र असण्याचा संभव कमी. आणि स्वतः इंग्रजीत कोणाचं वर्णन करताना त्वचेसाठी हा शब्द शक्यतो टाळावा. उंची सांगा, चष्मा सांगा, चालण्याची लकब सांगा, माणूस लवकर सापडेल.

'माय फेअर लेडी' या नावातल्या फेअरला मात्र गोरेपणाशी जोडू नये. तो फेअर जुन्या अर्थाचा, सुंदर. बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन'वरून हे संगीत नाटक १९५६ मध्ये अमेरिकेत आलं. त्याच 'पिग्मॅलियन'वरून पु. ल. देशपांड्यांनी 'ती फुलराणी' लिहिलं आणि भक्ती बर्वे यांनी ती फुलराणी मराठी माणसाच्या मनात कायमची बसवली. नाटक आलं १९७५ मध्ये, म्हणजे त्या क्रीमच्याच साली. एकाच वर्षी रंगमंचावर एक मुलगी भाषेच्या जोरावर वर चढत होती आणि जाहिरातीत दुसरीला सांगितलं जात होतं की रंग उजळल्याशिवाय वर जाता येणार नाही. हा योगायोग मला गमतीचाही वाटतो आणि टोचतोही.

आता सगळ्यात मोठं घर, जिथे उलट शब्द 'अनफेअर' आहे. इथे मराठीची श्रीमंती अडचण करते. आपल्याकडे रास्त, वाजवी, उचित, न्याय्य, योग्य असे पाच शब्द हजर आहेत आणि प्रत्येकाची जागा ठरलेली आहे.

किमतीला 'रास्त' किंवा 'वाजवी'. रास्त हा फारसीतून आला, मूळ अर्थ सरळ, खरा. वाजवी अरबीतल्या 'वाजिब'चा. बाजाराची भाषा ज्यांनी आपल्याला दिली, त्यांचेच शब्द बाजारभावाला चिकटले. 'फेअर प्राइस शॉप'चं सरकारी मराठी 'रास्त भाव दुकान' हे म्हणूनच चपखल आहे. लोक त्याला रेशनचं दुकान किंवा स्वस्त धान्य दुकान म्हणतात, आणि तिथेच एक फरक निसटतो. रास्त म्हणजे स्वस्त नव्हे. रास्त भाव विकणाऱ्यालाही परवडतो आणि घेणाऱ्यालाही, स्वस्त भावात मात्र विकणाऱ्याचा विचार नसतो. २०२३च्या जानेवारीपासून अन्न सुरक्षा कायद्याखालच्या शिधापत्रिकांवर धान्य फुकट मिळतं. भाव शून्यावर आला, पण पाटीवर रास्त भाव कायम आहे.

हा फरक कोल्हापूर-सांगलीच्या ऊसवाल्यांना शिकवायला नको. त्यांच्या तोंडी असलेली एफआरपी म्हणजे 'फेअर अँड रेम्युनरेटिव्ह प्राइस', मराठीत रास्त आणि किफायतशीर दर. २००९ पर्यंत उसाला 'वैधानिक किमान किंमत' होती, इंग्रजी आद्याक्षरांत एसएमपी. त्या वर्षी ऊस नियंत्रण आदेशात बदल होऊन 'किमान' गेलं आणि 'फेअर' आलं. शब्द बदलला म्हणजे मागणी करायला नवं हत्यार मिळालं. किमान किंमत मिळाली की नाही, हे मोजता येतं. रास्त मिळाली की नाही, यावर वाद घालता येतो : खतांचे भाव, तोडणीची मजुरी, कारखान्याच्या उपपदार्थांतला वाटा, सगळं त्या एका विशेषणाच्या पोटात घालता येतं. २०२५-२६च्या हंगामासाठी हा दर १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये ठरला. ऊस गाळपाला गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज, असं आदेशच सांगतो. 'एकरकमी एफआरपी'ची घोषणा देणाऱ्या शेतकऱ्याला या 'एफ'चा अर्थ माहीत नसेल, पण त्याचं वजन पक्कं माहीत असतं.

भरपाईला 'रास्त' फारसं शोभत नाही. तिथे कायद्याच्या मराठीनं 'उचित' निवडला. १८९४चा जुना भूसंपादन कायदा जाऊन २०१३ मध्ये नवा आला, तेव्हा त्याच्या इंग्रजी नावातच 'फेअर कॉम्पेन्सेशन'चा हक्क आला, म्हणजे उचित भरपाई. कामगारांच्या बाबतीत १९७१च्या महाराष्ट्राच्या कायद्यात 'अनफेअर लेबर प्रॅक्टिसेस'ला 'अनुचित कामगार प्रथा' म्हटलं आहे. परीक्षेतले 'अनफेअर मीन्स' मात्र कोणी 'अनुचित साधने' असं म्हणत नाही, तिथे गैरप्रकार किंवा सरळ कॉपी. २०२४चा केंद्राचा परीक्षांसंबंधीचा कायदा या 'अनफेअर मीन्स'साठीच आहे.

न्यायालयासाठी 'न्याय्य' किंवा 'निःपक्षपाती'. इथे एक खड्डा आहे. १९७८च्या मनेका गांधी खटल्यापासून आपल्याकडे एक त्रिकूट रूढ झालंय : माणसाचं स्वातंत्र्य काढून घेणारी प्रक्रिया 'जस्ट, फेअर अँड रीझनेबल' असली पाहिजे. भाषांतरकार जस्टला न्याय्य देऊन बसतो आणि मग फेअरला काय द्यावं, या विवंचनेत पडतो. मी तिथे 'न्याय्य, निःपक्ष आणि वाजवी' असं लिहितो. जस्ट निकालाकडे पाहतो, फेअर वागणुकीकडे. चोरी सिद्ध झाली आणि शिक्षा झाली, हे जस्ट. आरोपीला वकील मिळाला, त्याचं म्हणणं ऐकून घेतलं, हे फेअर.

आणि फेअर म्हणजे समान नव्हे, हेही घरातच कळतं. चार भावंडांत चार आंबे वाटले, तर समान. पण आजारी असलेल्या धाकट्याला आई बाठ्याऐवजी फोड देते, ते फेअर. मोठ्याला ते पटत नाही. तो 'हे फेअर नाही' म्हणून रुसतो, तेव्हा त्याला खरं तर 'हे समान नाही' असं म्हणायचं असतं.

खेळाच्या मैदानावर आपला अस्सल शब्द 'रडीचा डाव'. अनफेअरला याहून चांगला मराठी शब्द मला सापडलेला नाही. पण क्रिकेटमधला फेअर हा चांगुलपणाचा नाही, नियमाचा आहे. 'फेअर डिलिव्हरी' म्हणजे नियमात बसणारा चेंडू, 'फेअर कॅच' म्हणजे नियमात बसणारा झेल. फलंदाजाचं नाक फोडणारा चेंडूही फेअर असू शकतो.

या दोन अर्थांची टक्कर एका भारतीयाच्या नावावर जमा आहे. डिसेंबर १९४७ मध्ये सिडनीला विनू मांकड यांनी गोलंदाजी करताना, चेंडू टाकण्याआधीच क्रीज सोडून पुढे गेलेल्या नॉन-स्ट्रायकर बिल ब्राउनला धावबाद केलं. नियमात ते बसत होतं, डॉन ब्रॅडमननीही नंतर मांकड यांची बाजू घेतली. तरी तसं बाद करण्याला मांकड यांचंच नाव चिकटलं, जणू त्यांनी काही पाप केलं होतं. गंमत पुढे आहे. २०१७च्या नियमावलीत हा प्रकार ४१व्या नियमाखाली होता, आणि त्या नियमाचं शीर्षकच 'अनफेअर प्ले'. १ ऑक्टोबर २०२२ पासून क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसीनं तो तिथून उचलून धावबादच्या ३८व्या नियमात नेला. कृती तीच, शिक्षा तीच, फक्त डोक्यावरची पाटी बदलली, आणि पंचाहत्तर वर्षांनी मांकड यांच्यावरचा अनफेअरचा शिक्का कागदावर तरी पुसला गेला. विशेषणाला किती किंमत असते, हे सांगायला मी आता हेच उदाहरण देतो.

बोलण्यातले तुकडे पटकन. 'फेअर इनफ' म्हणजे 'ठीक आहे, पटलं'. त्यात पूर्ण मान्यता नसते, वाद थांबवण्याची तयारी असते. 'फेअर पॉइंट' म्हणजे मुद्दा बरोबर आहे, आणि बहुतेक वेळा त्याच्यामागून 'पण' येतो. 'टु बी फेअर' म्हणजे ज्याच्यावर टीका चालली आहे त्याच्या बाजूनं एक वाक्य : 'त्याचंही बरोबर आहे म्हणा, बस लेट होती.' 'फेअर गेम' म्हणजे ज्याच्यावर टीका करायला कोणाची परवानगी लागत नाही असा माणूस, मूळ अर्थ शिकारीला मोकळं जनावर. आणि जत्रा किंवा पुस्तकमेळा या अर्थाचा 'फेअर' हे नाम पूर्ण वेगळ्या कुळातलं. ते लॅटिनमधल्या सुटीच्या दिवसावरून आलं, त्याचा या विशेषणाशी संबंध नाही. एसटीच्या भाड्याचा 'फेअर' तर नुसता उच्चाराचा जुळा भाऊ, स्पेलिंग वेगळं.

'फेअरली' हा मात्र दुतोंडी आहे. 'ही वॉज ट्रीटेड फेअरली' म्हणजे त्याला न्यायानं वागवलं. 'फेअरली गुड' म्हणजे बऱ्यापैकी. विशेषणाच्या आधी आला की तो मापाचा, क्रियापदामागे आला की न्यायाचा. भाषांतर पाहून कोणी 'फेअरली अ‍ॅक्युरेट' म्हणालं, तर त्यात चुका आहेत हे त्यानं सभ्यपणे सांगितलेलं असतं. मला हे पहिल्यांदा ऐकायला मिळालं, तेव्हा मीही आभार मानून बसलो होतो. म्हणून भाच्याला फार बोललो नाही.

राहिला भाडेकरार. पुण्या-मुंबईतल्या अकरा महिन्यांच्या करारात एक ओळ जवळजवळ ठरलेली असते : जागा घेतली तशी परत करायची, 'फेअर वेअर अँड टेअर' वगळून. कुठे 'नॉर्मल' असतं, कुठे 'रीझनेबल', मतलब एकच. नेहमीच्या राहण्यानं होणारी झीज भाडेकरूच्या डोक्यावर बसत नाही. इथेही उलट शब्दाचा प्रश्न विचारा. या फेअरच्या उलट काय? निष्काळजीपणानं किंवा मुद्दाम केलेलं नुकसान. म्हणजे भिंतीचा रंग उडाला, नळाचा वायसर गेला, दाराची कडी सैल झाली, तर ते फेअर. टीव्ही टांगायला टाइल फोडली, बेसिनला चीर पाडली, तर ते नाही. मधल्या प्रांतात, म्हणजे खिळ्यांची भोकं आणि स्वयंपाकघरातल्या तेलाच्या डागांवरून, अनामत रकमेची भांडणं होतात. करारात त्यांचा उल्लेख आधीच करून घ्यावा, आणि चावी हातात पडली त्याच दिवशी, सामान आत येण्याआधी, प्रत्येक खोलीचे फोटो काढून घरमालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवावेत.